हिरव्या दोऱ्याच्या गाठी

रविवार, ८ जून

सोसायटी कमिटीच्या हंसाबेननी आज प्रत्येक घराला एकेक वही दिली. वर छापलंय, ‘आमच्या कुटुंबाची सेवावही’. दर रविवारी आईबाप आणि मुलांनी मिळून काय सेवा केली ते मुलांच्या अक्षरात लिहायचं, फोटो चिकटवायचे. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर सगळ्यात चांगल्या वहीच्या घराला स्टेजवर बोलावून सत्कार. ती वही मी लेकीच्या, सान्वीच्या ताब्यात दिली. ही दुसरी माझी. क्लिनिकमध्ये औषधवाला डायरी देऊन गेला होता, तशीच पडून होती. हिच्यात खरं लिहीन. तिच्यात खरं लिहून कुणाचा सत्कार व्हायचा नाही.

तर खरं हे की मला तो सत्कार हवाय. माझा नवरा कौस्तुभ म्हणतो, ‘मुलांवर संस्कार होतील.’ होवोत बापडे. बेव्हर्ली पार्कात येऊन आम्हाला सहा वर्षं झाली, आणि गेल्या दिवाळीत लिफ्टमध्ये नवव्या मजल्यावरच्या बाईने मला विचारलं, “कौन से फ्लोअर पे काम करती हो?” मी साडी नेसले होते. लक्ष्मीपूजनाची. डेंटिस्टकडे दिवसभर लोकांच्या दाढा आणि नखरे सांभाळून, मोरव्यातल्या एका खोलीतून इथपर्यंत आलेय मी. त्या बाईने खाली बसून माझ्यासाठी टाळ्या वाजवाव्यात, एवढीच इच्छा आहे. हावरट तर हावरट.

रविवार, १५ जून

पहिली सेवा, पालीच्या कोळीवाड्यात, किनाऱ्यावर. चौदा घरं, एक मिनी बस. सकाळी सान्वीच्या डोक्याला तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घातल्या. तेरावं लागलंय तरी रविवारची वेणी माझ्याच हातची लागते तिला. मांडीशी पाठ करून बसते आणि आठवड्याभराचं सगळं त्यातच सांगून टाकते. निकेतचं काय, नऊ वर्षांचा घोडा, हातात बॉल दिला की त्याची सेवा झाली.

पालीत उतरलो आणि माझा जीवच गेला. समोर चंपामावशी. ही आमच्या कोपऱ्यावर पॅथॉलॉजी लॅबच्या पायरीशी मासे घेऊन बसते. आमची बिल्डिंग जवळजवळ सगळी शाकाहारी, म्हणून मी झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन जाते आणि दूध आणल्यासारखी वर येते. सहा वर्षांत कुणाला पत्ता नाही. आणि ही बया हंसाबेनच्या देखत ओरडली, “ताय, आज डबा न्हाय आनला?”

मी म्हटलं, “कौन?” हिंदीत. स्वतःच्या मासेवालीला ‘कौन’. ती काय समजायची ते समजली असणार. हसली आणि आपल्या कामाला लागली.

काम म्हणजे जाळं. जून-जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, त्या वेळात ही मंडळी जाळी सांधतात. मावशीचं जाळं लांबलचक पिशवीसारखं, नवऱ्यामागे तिच्याकडे उरलेलं तेवढंच. होडी दीर चालवतो, सदू. सान्वी दोन तास तिच्यापाशीच बसली. मावशी म्हणे हिरवा दोरा वापरते, म्हणजे आपण सांधलेलं कुठलं ते कळतं. तिने सान्वीला गाठ शिकवली. कार्टीला पहिल्या झटक्यात जमली. परतताना बसमध्ये स्वतःच्या बुटाच्या नाड्यांना तीच गाठ मारून बसली होती, घरी कात्रीने कापावी लागली.

सेवावहीत लिहायला लावलं : ‘आम्ही अठरा गोण्या कचरा उचलला.’ गाठीचं लिहू दिलं नाही.

मंगळवार, २४ जून

क्लब हाउसमध्ये एका तज्ज्ञ मुलाचं व्याख्यान. मच्छीमारांनी टाकून दिलेली जाळी समुद्रात तरंगत राहतात, त्यांत कासवं अडकून मरतात. त्यांना म्हणे भूतजाळी म्हणतात. एका कासवाचा फोटो दाखवला, गळ्याला काच पडलेला. निकेत रडला. हंसाबेन म्हणाल्या, “जे फॅमिली जाळी काढेल ने, एनो फोटो पेपरमां.” व्याख्यान संपल्यावर मी ऑनलाइन मोठी कात्री मागवली, झाडं छाटायची.

रविवार, ६ जुलै

आज आम्ही कमाल केली!

पालीला गेलो तर किनारा रिकामा. गावात कुणीतरी वारलं होतं, सगळे तिकडे. वारा नुसता झोंबत होता. एका होडीच्या आडोशाला निळी ताडपत्री अर्धी उडालेली, आणि खाली हे एवढं मोठं भूतजाळं. दोरखंड, प्लास्टिकचे डबे, सगळा गुंताडा. बाकीची घरं चिप्सची पाकिटं वेचत बसली होती. मी कौस्तुभला म्हटलं, काढ कात्री. अख्खं तर उचलेना, म्हणून तुकडे केले. दीड तास लागला, माझ्या हाताला दोन फोड आले. सात गोण्या भरल्या. हंसाबेननी फोटो काढला, मी मध्ये, पाठीमागे गोण्या, त्यांतून जाळं बाहेर आलेलं. पालिकेची गाडी लगेच येऊन घेऊनही गेली.

सान्वी मात्र सारखी कुरकुरत होती. म्हणे ताडपत्रीवर ओळीने दगड ठेवलेत, म्हणजे हे कुणीतरी ठेवलंय. मी म्हटलं, समुद्र दगड आणतो. म्हणे, “आई, ह्या गाठी बघ ना, हिरव्या आहेत.” मी म्हटलं, “शेवाळं असेल. सगळ्यांसमोर शहाणपणा नको, धर ते टोक.” तिने टोक धरलं. मी कापलं.

निकेतने एक तुकडा आणला, त्याची बॉल ठेवायची पिशवी केलीय. चपलांच्या रॅकच्या खिळ्याला लटकवली. छान दिसते.

बुधवार, ९ जुलै

संध्याकाळी सुकट आणायला डबा घेऊन कोपऱ्यावर गेले. चंपामावशी पाटीवरचं फडकं न काढताच बसली होती. डोळे सुजलेले. मला बघून तिला हुंदका फुटला.

“माजं जालं कापलान् गो ताय. तुकडं बी ठेवला न्हाय, कातरलेलं धागं तेवडं पडलं हुतं. म्हयनाभर बसलू सांधाया.”

“कोणी?” मी विचारलं. माझ्याच तोंडून निघालं हे.

“कोन कापील? सदूशी भांडान झाला हुता. होडीच्या वाट्यावरना. म्हनला हुता, बगतो कशी दर्यान जातंव ती. कापलान मेल्यानं.”

मी सुकट न घेता वर आले. डबा घासलेला होता तो परत घासला.

गुरुवार, १० जुलै

लिहितेच. जाळं आम्ही कापलं. मी कापलं.

कौस्तुभला रात्री सांगितलं, तर तो पलंगावर उठून बसला. म्हणाला, “उद्या जाऊन सांगून टाकू. चूक झाली म्हणू.” मी म्हटलं, अरे बाबा, फोटो त्या भाईंदरच्या फेसबुक पानावर आलाय, तीनशे लाइक आहेत. आता काय सांगू? सेवा करायला गेलो आणि विधवेचं जाळं कापून आलो? नवव्या मजल्यावरची हसून हसून मरेल. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची.

“आणि तो सदू?”

“त्यांचं घरचं भांडण आहे. आज भांडतील, उद्या एक होतील.”

तो परत आडवा झाला आणि म्हणाला, “तू बघ.” लग्नाला सोळा वर्षं झाली, अडचणीच्या प्रत्येक गोष्टीवर ह्या माणसाचं उत्तर एकच आहे. तू बघ.

सोमवार, १४ जुलै

चंपामावशी आज आपणहून सांगू लागली. काल गावाची बैठक बसली. सदूला म्हणाले, तू कापलं नाहीस ना, मग पोराच्या डोक्यावर हात ठेवून तसं सांग, विषय संपला. मुलगा चार वर्षांचा, तिथेच बापाच्या पायाशी उभा. सदू म्हणाला, “पोराची आन मी खऱ्याला बी घेनार न्हाय.” बैठकीतून उठला आणि गेला. म्हणजे त्यानेच कापलं, हे ठरलं. आता त्याच्याशी कुणी बोलत नाही. दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून लांब कुठेतरी निघून चाललाय, बायकोपोराला घेऊन.

केवढा मूर्ख माणूस! दोन शब्द बोलायचे होते. शब्दांनी काय होतं? बोलून मोकळा झाला असता तर आज ही पाळी नसती. खरं सांगते, मला त्याचा रागच आला.

सान्वी माझ्याबरोबर होती. तिने सगळं ऐकलं.

रविवार, २० जुलै

आज वेणी घालताना सान्वी म्हणाली, “आई, आपण कधी सांगायचं?” मी केस जरा जोरात ओढले असतील. म्हटलं, “सांगण्यापेक्षा भरून देऊ या. सांगून जाळं परत येणारेय का?” आणि म्हणता म्हणता मलाच पटलं. भरून देऊ! सोसायटीतर्फे चंपामावशीला नवीन जाळं. ग्रुपवर टाकलं, ‘एका कोळी भगिनीचं जाळं समाजकंटकांनी कापलं, चला, हात देऊ या.’ दहा मिनिटांत सगळे तयार. हंसाबेननी तर फोन करून रडवेल्या आवाजात सांगितलं, “समिधाबेन, तुमारा दिल बहुत बडा छे.”

समाजकंटक हा शब्द लिहिताना हात अडखळला होता. पण दुसरा सुचेना.

रविवार, २७ जुलै

जाळं दिलं. आता ह्यात माझी चूक नाही. हंसाबेनच्या ओळखीचा माणूस होता, त्याने नायलॉनचं मजबूत जाळं आणून दिलं, दहा वर्षांची गॅरंटी. पालीत पोचल्यावर उलगडलं तेव्हा कौस्तुभ माझ्या कानात म्हणाला, “अगं, ही कबुतरांची जाळी आहे. आपल्या गॅलरीला आहे तीच.” आता काय करता? हार आणलेला, फोटोवाला आलेला.

चंपामावशीने जाळी दोन बोटांत धरून बघितली. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. ती म्हणाली, “बरी हाय. बोंबील सुकाया घातल्याव वरशी टाकीन. कावलं येनार न्हाईत.” कुणाला त्यातलं काही कळलं नाही. हंसाबेन म्हणाल्या, “देखो कितनी खुश है.” एक तारखेला बंदी उठतेय. पाच दिवसांत खरं जाळं कुठून येणार, आणि होडी चालवायला सदू कुठून येणार, हे तिने विचारलं नाही आणि आम्हीही नाही.

सान्वी बसमधून उतरलीच नाही. पोट दुखतंय म्हणाली.

शुक्रवार, १ ऑगस्ट

नाश्त्याला सान्वीने विचारलं, “आज सगळ्यांच्या होड्या गेल्या असतील ना?” पोहे चिवडत कौस्तुभ म्हणाला, “असतील.” निकेतने आणखी पोहे मागितले.

मंगळवार, ५ ऑगस्ट

संध्याकाळी वॉचमनचा फोन. “मॅडम, मच्छीवाली आयी है, ऊपर भेजूं?” अख्ख्या लॉबीत त्याने ‘मच्छीवाली’ म्हटलं असणार. नाही म्हणायच्या आत ती लिफ्टमध्ये चढली होती.

सोफ्यावर बस म्हटलं तर खाली फरशीवरच बसली. पिशवीतून फोन काढला, कुणाकडून तरी आलेला तो फेसबुकचा फोटो दाखवला. मी, गोण्या, आणि गोणीतून आलेलं जाळं.

“ह्या जाल्याचा रंग माज्यासारका वाटते, ताय. मना म्हाईत हाय, तू असा करशील न्हाय. सा वरसा माजेकडना मासं नेतंस. पन सदूला मी घालवला. पोरासकट घालवला. म्हनून मना खातरी पायजे.”

मी म्हटलं, “अगं मावशी, ते त्या दुसऱ्या टोकाचं, वाहून आलेलं. कचरा होता तो.” आवाज अगदी व्यवस्थित होता माझा. क्लिनिकमध्ये ‘अजिबात दुखणार नाही’ सांगते तसा.

“मंग पोरीच्या डोईव हात ठेव नि सांग. तेवडा केलास की मी जातंय.”

सान्वी अभ्यासाच्या टेबलाशी होती. मावशीला बघून तशीच उभी राहिलेली. कौस्तुभ आतल्या खोलीत होता, दार अर्धं उघडं, त्याला सगळं ऐकू येत होतं. आला नाही बाहेर.

मी सान्वीला जवळ घेतलं. डोक्यावर हात ठेवला. रविवारचं तेल अजून होतं केसांत. म्हटलं, “सान्वीची शपथ, आम्ही नाही कापलं.”

झालं. दोन सेकंदांचं काम. आभाळ कोसळलं नाही की काही नाही. मी ह्या शपथाबिपथा मानतच नाही, म्हणून मला त्रास व्हायचं कारण नाही. सान्वी माझ्या हाताखाली उभी होती. मान एवढीशीसुद्धा हलवली नाही तिने.

मावशी म्हणाली, “बरा.” चहा नको म्हणाली. दारात चपला घालायला वाकली आणि तिथेच थांबली. निकेतच्या बॉलकडे बघत राहिली, रॅकवर पिशवीत लटकवलाय तो. बराच वेळ. हात लावून पिशवी जराशी फिरवली. गरिबांना आपल्या घरातल्या साध्या साध्या वस्तूंचंही अप्रूप असतं. मी म्हटलं, “मावशी, गावातल्या कुणा पोराला हवाय का बॉल? घेऊन जा.” तिने माझ्याकडे बघितलं, मग सान्वीकडे. आणि गेली.

विश्वास बसला एकदाचा तिचा. सुटले मी.

रविवार, १० ऑगस्ट

सान्वीने आज स्वतःची वेणी स्वतः घातली. वाकडीतिकडी. मी तेलाची वाटी घेऊन बसले होते, तर म्हणाली, “नको.” म्हटलं, “अगं, ये ना, सांग काय काय झालं ते आठवड्याभरात.” तर बाथरूममध्ये गेली आणि कडी लावली. वयच तसं आहे. माझी आई म्हणायची, मुलगी तेराची झाली की आई शत्रू.

चंपामावशी मंगळवारपासून कोपऱ्यावर दिसत नाही. तिच्या जागी दुसरी बसते, तिला विचारलं. म्हणाली, चंपा स्वतः जाऊन सदूला घेऊन आली. गावासमोर त्याचे पाय धरले म्हणे, मी चुकले म्हणाली. कुणी कापलं ते मात्र कुणाला सांगत नाही. मागचं एक फाटकं जाळं होतं, ते दोघं मिळून सांधतायत, महिना तरी लागेल. बघा! मी म्हटलं होतं की नाही, घरचं भांडण आहे, आपोआप मिटेल. उगाच मी जिवाला घोर लावून घेतला होता.

दुपारी वॉचमनने गोणी आणून दिली. ‘पालीवाली औरत रख के गयी.’ उघडून बघतो तर आमची कबुतरांची जाळी, नीट घडी घालून. उपकाराची काही जाणीवच नाही लोकांना! गोणीचं तोंड हिरव्या दोऱ्याने आवळलेलं होतं. कौस्तुभला गाठ सुटेना, मी कात्री आणायला उठले. तेवढ्यात सान्वीने एका झटक्यात सोडवली. दोरा हातात धरून तिथेच फरशीवर बसली आणि रडायला लागली. ओक्साबोक्शी. मला काही समजेना. पाठीवर हात फिरवायला गेले तर अंग चोरून घेतलं. मग उठली, रॅकवरची पिशवी काढली, बॉल जमिनीवर टाकला आणि पिशवी स्वतःच्या दप्तरात ठेवली. निकेतने अख्खी दुपार भोकाड पसरलं. मी दोघांनाही रागावले.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

आमचा पहिला नंबर आला.

‘सेवाभावी कुटुंब’ म्हणून नाव पुकारलं. नवव्या मजल्यावरची दुसऱ्या रांगेत बसली होती, तिने टाळ्या वाजवल्या. मी बघितलं नीट. एवढ्या दिवसांची इच्छा होती, पण छातीत जसं भरून येईल वाटलं होतं तसं काही झालं नाही. सकाळपासून डोकंच दुखत होतं.

हंसाबेननी सेवावहीतलं वाचून दाखवायला वही उघडली. सहा जुलैच्या पानावर सान्वीने फोटो चिकटवलाच नव्हता. जाळ्याच्या एका तुकड्यावर हिरवी गाठ होती, ती सेलोटेपने चिकटवलेली, आणि खाली फक्त लिहिलेलं, ‘हे आम्ही कापलं.’ मी वही घ्यायला पुढे झाले. पण हंसाबेननी ते माइकवर वाचलं, “हे आम्ही कापलं!” आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, भूतजाळं. सान्वी समोर बघत उभी होती. तिचं तोंड असं झालं होतं की मला कुणीतरी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

मग शाल, नारळ, चषक. फोटोवाला म्हणाला, “मॅडम, बेटी के सर पे हाथ रखिए ना, अच्छा आएगा.” मी हात उचलला. सान्वी बाजूला सरकली. रागाने नाही, ओरडून नाही. रस्त्यात कुणाला वाट द्यावी तशी एक पाऊल सरकली आणि हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, “आता डोक्याला हात लावू नकोस, आई. कधीच.”

तेवढ्यात त्याने फोटो काढला. आत्ता ग्रुपवर आलाय. कौस्तुभ हसतोय, निकेतच्या हातात चषक आहे, सान्वी कडेला उभी आहे, आणि माझा हात मध्येच रिकामा. खाली एकशेबारा अभिनंदनं आलीत. बेसिनशेजारी तेलाची वाटी रविवारपासून तशीच आहे, ती आता ओतून टाकते.